सुसेनेसचं थडगं आणि घरचेच चोर

सप्टेंबर २०२५ मध्ये कैरोच्या तहरीर चौकातल्या संग्रहालयातून सोन्याचं एक प्राचीन कडं गेलं. तिथल्याच दुरुस्ती विभागातून उचललं, बाजारात विकलं आणि शेवटी चक्क वितळवलं. कडं अमेनेमोपे या फेरोचं, म्हणजे प्राचीन इजिप्तच्या राजाचं. बातमीवर जो तो हळहळत होता, 'आजकाल कशाचीच चाड उरली नाही' वगैरे. आजकाल? ते कडं ज्या थडग्यात सापडलं, तिथे सगळाच मामला उचलेगिरीचा आहे.

थडगं पहिल्या सुसेनेसचं. इसवीसनपूर्व अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नाईलच्या त्रिभुज प्रदेशातल्या तानिसहून त्याने चाळीसेक वर्षं राज्य केलं. बाप पिनेजेम, दक्षिणेत थीब्जला अमुन देवाचा महापुजारी. पुढे ती गादी सुसेनेसच्या भावाकडे, मेनखेपेरेकडे गेली. राणी मुतनोजमेत म्हणजे त्याची सख्खी बहीण. उत्तरेत राजा, दक्षिणेत देवस्थान, आणि दोन्हीकडे माणसं एकाच घरातली.

या घराण्याचा खरा उद्योग काय होता? थीब्जजवळच्या राजांच्या खोऱ्यात पुरलेल्या आधीच्या फेरोंच्या थडग्यांची 'देखभाल'. पिनेजेमने पहिल्या अमेनहोतेपची, तिसऱ्या रामसेसची ममी पुन्हा गुंडाळवली आणि तसं शाईने कापडावर लिहूनही ठेवलं. केवढी ती श्रद्धा! मात्र या देखभालीच्या काळातच जुन्या शवपेट्यांवरचं सोनं तासून निघालं. खजिना आटला होता, नवं सोनं पूर्वीसारखं येत नव्हतं. पिनेजेम स्वतः पहुडला तोही पहिल्या थुटमोसच्या शवपेटीत, स्वतःचं नाव घालून.

मुलगा बापाच्या वरताण. सुसेनेसची बाहेरची गुलाबी ग्रॅनाइटची पेटी मूळची मेर्नेप्ताहची, म्हणजे दुसऱ्या रामसेसच्या मुलाची. आतली काळ्या ग्रॅनाइटचीही कुणा जुन्या माणसाची. खुद्द तानिसही तसंच. नाईलचा फाटा गाळाने भरला आणि दुसऱ्या रामसेसची राजधानी ओस पडली, तेव्हा तिथले ओबेलिस्क (उंच दगडी स्तंभ), पुतळे ओढून इथे उभे केले. जुना वाडा पाडून त्याचे खांब नव्या घराला लावावेत तसं. तानिसचं उत्खनन करणाऱ्या पिएर मोंते या फ्रेंच संशोधकाला म्हणूनच वाटत राहिलं की हीच रामसेसची राजधानी.

पण त्या दोन दगडी पेट्यांच्या आत होती अस्सल चांदीची शवपेटी, आणि ममीच्या चेहऱ्यावर सोन्याचा मुखवटा. इजिप्तला सोनं घरचं, चांदी मात्र परदेशाहून आणावी लागे. तुतनखामेनला तीन शवपेट्या मिळाल्या, चांदीची एकही नाही. शिवाय तुतनखामेन विशीच्या आत गेलेला पोरगा. सुसेनेसच्या हाडांवरून ती तपासणाऱ्या डॉक्टर डेरींनी निदान केलं ते सांधे धरलेल्या, दात खराब झालेल्या म्हाताऱ्याचं. तिथल्या ओलीत ममी आणि लाकूडसामान कुजून गेलं, धातू आणि दगड तेवढे राहिले.

राणीचं काय झालं? तिच्यासाठी शेजारीच खोली बांधली होती. तिथे नंतर अमेनेमोपेला आणून ठेवलं. हाच तो कड्याचा मालक. म्हणजे कडं मुळात दुसऱ्याच्या जागेत.

हे सगळं जगाला ठाऊक का नाही, तर मुहूर्त चुकला. मोंतेने सुसेनेसची खोली उघडली फेब्रुवारी १९४० मध्ये. राजा फारूक स्वतः हजर होता. तीन महिन्यांत जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, मग कुठला फेरो नि कुठलं काय. १९२२ साली कार्टरने तुतनखामेनचं थडगं शोधलं, तेव्हा वर्तमानपत्रांकडे दुसरी चमचमीत बातमी नव्हती, हे त्याचं नशीब. मला विचाराल तर इजिप्त समजून घ्यायला तुतनखामेनपेक्षा सुसेनेस जास्त कामाचा. भरभराटीतला थाट कुणीही दाखवेल. राज्य दोन तुकड्यांत विभागलेलं, तिजोरी रिकामी, तरी मेल्यावर राजासारखंच जायचं, हा खटाटोप इथे दिसतो.

त्याच्या गळ्यातल्या माळेत लाजवर्दाचा, म्हणजे निळ्या दगडाचा एक मणी आहे, त्यावर मेसोपोटेमियातली कीलाकार लिपी. तिथल्याच अ‍ॅसिरिया राज्याच्या कुणा मंत्र्याने आपल्या मुलीसाठी देवाला वाहिलेला. तो इजिप्तच्या राजाच्या गळ्यात कसा आला, देव जाणे! पण या घराण्याची रीत बघता सरळ मार्गाने आला असेल, यावर माझा तरी विश्वास नाही.