काकांचा बेस बुजवू नका: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

जुन्या बेस गिटारींमधल्या बदलांवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही सविस्तर आणि तळमळीने लिहिलंत. चार ओळींत त्याचं उत्तर देणं बरं दिसणार नाही. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: साठ-सत्तरच्या दशकातले फेंडर आणि गिल्ड या अमेरिकी कंपन्यांचे बेस आता पुन्हा होणे नाही, त्यांत खड्डे कोरून सर्किटं कोंबणं ही नासधूस आहे, आणि मी तिचं कौतुक केलं. आवाज लाकडात आणि जुन्या चुंबकात असतो, बाकी सगळी हौस. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सनने काही बदललं नाही, तरी त्याच्या तोडीचं कोणी वाजवलं नाही. मिरजेच्या जुन्या तंबोऱ्याला कोणी करवत लावतं का, असंही तुम्ही विचारलंत. आणि जाता जाता सांगितलंत, की काका बोटीवरच्या बँडमध्ये वाजवत तेव्हाचा त्यांचा १९७४चा जॅझ बेस (फेंडरचं एक मॉडेल) तुमच्याकडे आलाय, त्यात कोणीतरी तिसरा पिकअप (तारांची कंपनं टिपणारं चुंबक आणि वेटोळं) आणि मागे बॅटरीचा कप्पा बसवलाय, आणि ते सगळं बुजवून तुम्ही तो ‘मूळ रूपात’ आणणार आहात.

हे शेवटचं वाक्य वाचलं आणि उत्तर लगेच द्यायचं ठरवलं. कृपा करून तो बेस अजून कोणाच्या हाती देऊ नका.

आधी जेमर्सन. त्याचा फेंडरचा १९६२चा प्रिसिजन बेस, जाड फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा, त्याही सहसा न बदललेल्या, ब्रिजच्या (तारांची खालची टोकं जिथे बसतात त्या भागाच्या) कव्हराखाली फोमचा तुकडा. हे सगळं खरं. पण तो कुठे वाजवत होता ते बघा. डेट्रॉइटला मोटाउनच्या स्टुडिओत त्याचा बेस थेट रेकॉर्डिंगच्या कन्सोलमध्ये जायचा. मोठा मंच नाही, हजारोंच्या गर्दीपुढे स्पीकरांच्या भिंती नाहीत. त्याला हवा तो आवाज कारखान्यातून आलेल्या वाद्यात मिळत होता, म्हणून त्याने हात लावला नाही. त्याच दशकाच्या अखेरीला सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेटफुल डेड या रॉक बँडचा बेसवादक फिल लेश आणि जेफरसन एअरप्लेनचा जॅक कॅसडी यांच्यापुढची अडचण निराळी होती. दोघेही गिल्डचा स्टारफायर वाजवायचे. हा अर्धपोकळ बेस, आवाज गोड. पण प्रचंड आवाजाच्या मंचावर त्याचे खालचे सूर एकमेकांत मिसळून लगदा व्हायचा.

तिथे अलेंबिक ही वाद्यं आणि ध्वनियंत्रणा बनवणारी कंपनी उभी राहिली. १९६९ साली डेडचा ध्वनितंत्रज्ञ औस्ली स्टॅन्ली, टेपरेकॉर्डर बनवणाऱ्या अँपेक्समध्ये काम केलेला इलेक्ट्रॉनिक्सचा माणूस रॉन विकरशॅम आणि वाद्यं घडवणारा रिक टर्नर, अशी ही मंडळी. त्यांनी स्टारफायरमध्ये कमी इंपीडन्सचे (विद्युतप्रवाहाला कमी अडवणारे) पिकअप बसवले. अशा पिकअपचा सिग्नल फार बारीक असतो, म्हणून वाद्याच्या पोटातच प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवणारं छोटं सर्किट, दिला. साध्या टोनच्या बटणाऐवजी कुठल्या फ्रिक्वेन्सीला कापायचं आणि त्या जागी उठाव किती द्यायचा हे ठरवणारा फिल्टर दिला. पुढे लेशच्या बेसमधून चारही तारांचा आवाज वेगवेगळा बाहेर काढला, आणि डेडच्या १९७४च्या ‘वॉल ऑफ साउंड’ या प्रचंड स्पीकरव्यवस्थेत प्रत्येक तारेला स्वतःचे स्पीकर मिळाले. कॅसडीसाठी १९७२ साली अलेंबिकने आपला पहिला स्वतंत्र बेस बांधला. आज जगभर जे बॅटरीवाले बेस विकले जातात, त्यांच्या वंशावळीत हे दोन कोरलेले स्टारफायर फार वरती आहेत. याला नासधूस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

‘आवाज लाकडात असतो’ याबद्दल. लाकडाला मी कमी लेखत नाही. पण जुन्या फेंडरचा पिकअप म्हणजे हजारो वेढ्यांचं बारीक तारेचं वेटोळं, इंपीडन्स भरपूर. त्याला तुम्ही केबल जोडता तेव्हा केबलची कपॅसिटन्सही (विद्युतभार साठवण्याची क्षमता) त्या सर्किटचा भाग होते. साध्या केबलला दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. सहा मीटरची केबल लावली की वरचे सूर गळायला लागतात, दहाची लावली की आणखी. म्हणजे तुम्ही ज्याला लाकडाचा आवाज म्हणता त्यात केबलची लांबीही ऐकू येत असते. प्रीअँप बेसच्या आतच बसवला की पिकअपला केबलचं ओझं राहत नाही. एवढ्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी पोटात ठेवायची वेळ आली, हौसेपायी नव्हे. खुद्द लिओ फेंडर ज्या म्युझिक मॅनमध्ये होते, तिने १९७६ला स्टिंगरे बाजारात आणला तो कारखान्यातूनच प्रीअँप घेऊन.

आता कळीचा मुद्दा, जो तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच येत नाही. हे बेस कोरले गेले तेव्हा ते पुराणवस्तू नव्हते. जॅझचा बेसवादक जाको पास्टोरियसने १९६२चा जॅझ बेस घेतला तेव्हा तो काही वर्षं वापरलेला, सेकंडहँड बेस होता. त्याचे फ्रेट (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) निघाले, खाचा पुट्टीने भरल्या गेल्या. राउंडवाउंड (खडबडीत) तारा फ्रेटविना वाजवल्या की खालचं रोजवुड लाकूड खातात, म्हणून त्याने फिंगरबोर्डवर बोटींना लावतात तसला इपॉक्सी (सुकून टणक होणारा राळेचा लेप) चढवला. त्या कठीण, काचेसारख्या थरावरून तार जी गाते ती त्याच्या १९७६च्या पहिल्या अल्बममध्ये ऐका. फ्रेटलेस बेसला त्याचा आजचा सूर तिथून मिळाला. पुढे त्या बेसचे तुकडे झाले, ते जोडले गेले, १९८६ला न्यूयॉर्कमध्ये तो चोरीला गेला, वीसेक वर्षांनी सापडला, आणि २०१०च्या सुमारास मेटॅलिका बँडच्या रॉबर्ट ट्रुहियोने पैसे घालून तो सोडवला. आता सांगा, तो इपॉक्सी खरवडून, नवे फ्रेट ठोकून कोणी तो ‘मूळ रूपात’ आणला तर तुम्ही त्याला काय म्हणाल?

बेसवादक मार्कस मिलरचंही तेच. त्याचा १९७७चा जॅझ बेस तर जवळजवळ नवाच होता, जेव्हा न्यूयॉर्कचा वाद्य-कारागीर रॉजर सडाउस्कीने त्यात प्रीअँप घातला, ब्रिजही बॅडअस या कंपनीचा. रश बँडच्या गेडी लीने १९७२चा जॅझ बेस अमेरिकेतल्या कॅलमझूच्या एका पॉनशॉपमधून (गहाणवटीच्या दुकानातून) २०० डॉलरला उचलला आणि त्याचाही ब्रिज बदलला. तो बॅडअस ब्रिज फेंडरच्या त्याच पाच स्क्रूंच्या भोकांवर बसतो, हेही ध्यानात घ्या. सगळेच बदल करवतीने होत नाहीत.

तंबोऱ्याचं उदाहरण तुम्ही दिलंत ते मला आवडलं. पण मिरजेच्या कारागिराकडे तंबोरा जातो तेव्हा तो घोडीची (तारांखालच्या पट्टीची) जवारी घासतो की नाही? दर खेपेला घोडीचा थोडा थोडा भाग जातोच. शेवटी घोडीही बदलतात. खुंट्या बदलतात, भोपळ्याला तडा गेला तर सांधतात. गवयाच्या आवाजाला जे लागतं ते त्या वाद्यावर होत राहतं, आणि त्याने वाद्याची किंमत उतरली असं मिरजेत कोणी म्हणत नाही.

एका बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूला आहे. आज, २०२०च्या दशकात, अजिबात हात न लागलेला १९६२चा बेस समोर ठेवून त्यात राउटर (लाकूड कोरायचं यंत्र) चालवायचं काही कारण उरलेलं नाही. आता मूळ पिकअपच्या मापात बसणारे, आवाजात कमी गुणगुण असलेले पिकअप मिळतात, प्रीअँप वेगळ्या पेडलमध्ये मिळतो, बदली खुंट्या जुन्या भोकांत बसतात. सत्तरच्या दशकात मूळ रंग खरवडून लाकूड उघडं करायची जी लाट आली, काढलेले पिकअप कचऱ्यात गेले, त्याचं मलाही दुःख आहे. काढलेला प्रत्येक स्क्रूसुद्धा पिशवीत घालून केसमध्ये ठेवावा, या मताचा मी आहे.

आता काकांचा बेस. त्यातला खड्डा भरून, वरून रंग मारून तो १९७४चा होणार नाही. खड्डा आत राहील, आणि आज त्याच्यावर जो मूळ रंग शिल्लक आहे तोही जाईल. रंग बदललेल्या जुन्या फेंडरची किंमत बाजारात फार खाली येते, म्हणजे व्यवहाराच्या हिशेबानेही हा तोटाच. शिवाय काकांनी ज्या आवाजासाठी ते काम करून घेतलं तो आवाज तुम्ही कायमचा बंद कराल. बोटीवर रोज रात्री नाचाचा बँड वाजवायचा म्हणजे एकाच बेसमधून कधी वॉल्ट्झ, कधी फंक काढायचं. तिसरा पिकअप तिथे उपयोगाचा होता का, हे त्यांच्या बँडमधलं कोणी भेटलं तर नक्की विचारा.

करायचं एवढंच. बॅटरी आत असेल तर आधी काढा. मुंबईच्या दमट हवेत गळलेली बॅटरी तारा हिरव्या करून टाकते. अशा बेसमध्ये केबल जॅकमध्ये घातली की बॅटरी सुरू होते, त्यामुळे वाजवून झालं की केबल काढायची सवय ठेवा. मग कंट्रोल प्लेटचे स्क्रू काढून ती हळूच उलटी करा आणि सोल्डर वितळवण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या. पॉटच्या (बटणाखालच्या, आवाज कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) पाठीवर आकडे ठोकलेले असतील. १३७ने सुरू होत असतील तर सीटीएस कंपनीचा, ३०४ने असतील तर स्टॅकपोल कंपनीचा. पुढे वर्ष आणि आठवडा: १३७ ७४१२ म्हणजे १९७४चा बारावा आठवडा. यावरून कुठला पॉट कारखान्यातला आणि कुठला नंतर आलेला हे उमजेल. काळ्या इपॉक्सीत बुडवलेला ठोकळा दिसला तर तोच प्रीअँप. तो उकरू नका. घुंघुं आवाज येत असेल तर ब्रिजखालून येणारी अर्थची तार तुटलीय का बघा, आणि घरातलं अर्थिंगही तपासा. बटणं खरखरत असतील तर कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो.

फोटो मला पाठवा. आकडे वाचून कुठलं काय आहे ते मी सांगतो, आणि तोवर तो बेस तसाच वाजवा.