क्ष-किरण पार्श्वभूमीतले चढउतार: महास्फोटाचा नकाशा नव्हे

सध्या एक दावा बराच फिरतोय: ‘सूक्ष्मतरंगांच्या पार्श्वभूमीप्रमाणे क्ष-किरणांची पार्श्वभूमीही (सगळ्या आकाशातून येणारी क्ष-किरणांची मंद झळाळी) महास्फोटाची उरलेली धग आहे. तिच्यातले बारीक चढउतार म्हणजे आरंभीच्या विश्वाचा नकाशा. दिसणारे स्रोत पुसले की तो शुद्ध स्वरूपात उरतो.’ तिन्ही विधानं चूक आहेत.

उरलेली धग? 1962 साली खगोलशास्त्रज्ञ रिकार्डो जियाकोनी आणि सहकाऱ्यांच्या रॉकेटने ही पार्श्वभूमी टिपली, तेव्हा सर्वत्र पसरलेला तप्त वायू हे एक संभाव्य उत्तर होतं. पण इतक्या तप्त वायूतल्या इलेक्ट्रॉन्सनी सूक्ष्मतरंगांचा वर्णपट बिघडवला असता, आणि सूक्ष्मतरंग मोजणाऱ्या कोबे उपग्रहाला तो जवळजवळ निर्दोष आढळला. पुढे अवकाशातल्या चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने दक्षिण आकाशातल्या एकाच तुकड्याचं सुमारे 70 लाख सेकंद निरीक्षण केलं. 0.5 ते 7 केईव्ही (क्ष-किरणांच्या ऊर्जेचं एकक) पट्ट्यात 1008 स्रोत सापडले, त्यातली बहुतेक वायू गिळणारी महाकाय कृष्णविवरं. या ऊर्जांची बहुतांश पार्श्वभूमी अशा सुट्या स्रोतांचीच आहे.

चढउतारांचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. आकाशाच्या एका चौकटीत सारख्या तेजाचे सरासरी 100 स्रोत धरा. ते एकमेकांशी संबंध नसल्यासारखे विखुरलेले असले तरी निव्वळ योगायोगाने चौकटीगणिक 10 टक्के फरक पडतो. सूक्ष्मतरंगांतला फरक लाखात एकाच्या घरातला! या योगायोगी गोंगाटाचा पॉवर स्पेक्ट्रम (कोणत्या कोनाएवढ्या चढउतारांचा जोर किती हे दाखवणारा आलेख) सपाट असतो. स्रोतांच्या गुच्छांमुळे येणारी भर मोठ्या कोनांकडे वाढत जाते. दोन्ही वेगळे करायचे ते या आकारावरून. शिवाय गोंगाटात प्रत्येक स्रोताचं वजन तेजाच्या वर्गाने पडतं, त्यामुळे न झाकलेला (प्रतिमेतून न वगळलेला) एकच तेजस्वी क्वेसार, म्हणजे वायू गिळणारं अतितेजस्वी कृष्णविवर, आलेख बिघडवतो. कुठल्या तेजापर्यंतचे स्रोत झाकले हे न सांगता दिलेला चढउताराचा आकडा निरुपयोगी आहे.

आणि पुसल्यावर शुद्ध काही उरत नाही. चंद्रा दुर्बिणीत बिंदूसारख्या स्रोताची प्रतिमा मध्यभागी अर्ध्या आर्कसेकंदाची (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग), पण कडेला बरीच पसरते. तिथे झाकणाचं वर्तुळ मोठं न केल्यास स्रोताची किनार उरते. फोटॉन्सच्या मोजक्या संख्येमुळे येणारा गोंगाट काढायला घटनांची (टिपलेल्या एकेका फोटॉनची) यादी आलटूनपालटून दोन भागांत वाटतात आणि दोन प्रतिमांच्या फरकाचा स्पेक्ट्रम वजा करतात. डिटेक्टरवर थेट आदळणाऱ्या कणांना आरशांची व्हिनेटिंग (कडेकडे प्रकाश मंदावणं) लागू नसते, म्हणून एक्स्पोजर मॅपने (कुठे किती संवेदनशीलतेने पाहिलं याच्या नकाशाने) भागण्याआधी तेही वजा व्हायला हवेत. एवढं करूनही बूटीस तारकासमूहातल्या 9 चौरस अंशांच्या सर्वेक्षणात 0.5 ते 2 केईव्हीला जास्तीचे चढउतार उरले. त्यांचा मेळ बसला तो सुटे न दिसलेल्या दीर्घिकासमूहांतल्या तप्त वायूशी. तो महास्फोटानंतर अब्जावधी वर्षांनी जमलेला आहे.