लाडूचा राग

गेल्या वर्षी फेब्रुवारीत इंग्लंडमधल्या आमच्या रेडिंगच्या घरी रॉयल पायथन जातीचा एक अजगर राहायला आला. आधीच्या मालकाला तो नकोसा झाला होता आणि सुपूर्द करताना त्याने बजावले होते, "हा स्वभावानेच रागीट आहे, जपून." माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने त्याचे नाव लाडू ठेवले, कारण पहिल्या दिवशी आम्ही झाकण उघडताच त्याने डोके आत घेऊन अंगाचा असा घट्ट गोळा केला की तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते कळेना. अमेरिकेत याच जातीला बॉल पायथन म्हणतात ते त्याच्या या सवयीमुळेच. संकट आले की स्वतःचे डोके लपवणे हाच ज्याचा मुख्य बचाव, त्याला रागीट ठरवणाऱ्या माणसाचे मला त्या दिवशी नवल वाटले. पुढे मीही तीच चूक केली, ते ओघाने सांगतेच.

माझे बालपण वाळवा तालुक्यात गेले आणि बत्तीस शिराळा तिथून फार लांब नव्हते. नागपंचमीच्या मिरवणुकीत जिवंत नाग असत त्या काळात वडिलांच्या खांद्यावर बसून मी ती पाहिली आहे. नागाने फणा काढला की लोक म्हणत, नाग डोलतो आहे. गारुड्याचा नाग पुंगीवर डोलतो असेही आम्ही मानत होतो. वास्तविक सापाला बाहेरचा कान नसतो. तो समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवून तिच्या हालचालीबरोबर आपले अंग वळवत असतो, आणि मानेजवळच्या बरगड्या फाकवून काढलेला फणा म्हणजे "जवळ येऊ नकोस" एवढाच इशारा असतो. ज्याला आपण नाच म्हटले ती भीती होती. त्यावर कडी म्हणजे आपण सापाला डूख धरायलाही लावले. राग आणि डूख हे शब्द सापाला एकदा चिकटवले की कारण शोधण्याची गरज उरत नाही, आणि साप पाळणाऱ्याला सर्वांत महाग पडते ती हीच सोय.

बचाव करताना साप सहसा थेट चाव्यापर्यंत जात नाही. तो आधी निश्चल होतो, मग पळून दडायला पाहतो. ते जमले नाही तर फुत्कारतो, शेपटी थरथरवतो, दुर्गंधी सोडतो, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे खेचून धरतो, कित्येकदा तोंड न उघडताच नुसती धडक मारतो, आणि एवढ्याने भागले नाही तरच चावतो. आमच्या ओळखीच्या एका घरात मक्याच्या रंगाची एक तरुण कॉर्न स्नेक आहे. ती कोरड्या पानांवर शेपटी इतकी वेगाने हलवते की खुळखुळ्यासारखा आवाज येतो. हॉगनोज नावाचा साप तर मान पसरून फुसफुसतो आणि तरीही समोरचा हटला नाही तर उताणा पडून मेल्याचे सोंग घेतो. गंमत अशी, की त्याला पालथे केले तर तो पुन्हा उताणा होतो! आपल्याकडे घोणशीचा कुकरच्या शिटीसारखा फुत्कार आणि फुरशाच्या खवल्यांची करवतीसारखी खरखर ही याच भाषेतली वाक्ये आहेत, फक्त त्यांच्यामागे विष उभे आहे.

आता माझी चूक. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी मी फ्रीजरमधला उंदीर लाडूसाठी कोमट पाण्यात ठेवला, हात न धुता पाण्याचे भांडे बदलायला पेटीत घातला आणि लाडूने माझा अंगठा पकडून मनगटाला वेटोळे घातले. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "रागीट" हाच. शांत झाल्यावर कळले, की घाबरून चावणारा साप डसतो आणि लगेच सोडतो. हा तर धरून आवळत होता, म्हणजे जेवत होता. रॉयल पायथनच्या ओठांवर उष्णता ओळखणारे खड्डे असतात. अंधारात त्याला उंदराच्या वासाची एक गरम वस्तू दिसली, आणि त्याच्या जागी असते तर मीही तेच केले असते. अशा वेळी हात ओढायचा नसतो, कारण सापाचे दात मागे वळलेले असतात आणि ओढल्याने आपली कातडी फाटते, त्याचेही दात तुटतात. मी हातावर थंड पाण्याची धार धरली, दोनेक मिनिटांत त्याने सोडले, आणि साबणाने धुतल्यावर काही बारीक टोचल्याच्या खुणांपलीकडे काही उरले नाही. तेव्हापासून पेटीत हात घालण्याआधी आम्ही साप उचलायच्या आकड्याच्या टोकाने त्याच्या अंगाला हलकेच स्पर्श करतो. आकडा लागला म्हणजे आज जेवण नाही, हे तो काही आठवड्यांत शिकला.

भुकेचा चावा आणि भीतीचा चावा यांतला हा फरक मी इतका लांबवून सांगते आहे, कारण दोहोंवरचे उपाय वेगळे आहेत. पहिल्यात आपली पद्धत सुधारावी लागते, दुसऱ्यात त्याचे घर. लाडूचे आधीचे घर म्हणजे दिवाणखान्यात टीव्हीशेजारी ठेवलेली, चारही बाजूंनी उघडी काचेची पेटी होती. तिच्यात लपायला काहीही नव्हते आणि ऊब देणाऱ्या हीट मॅटला तापमान आवरणारा थर्मोस्टॅटही नव्हता. आम्ही तीन बाजू झाकल्या, एक लपण्याची जागा 32 अंशांच्या उबदार टोकाला आणि दुसरी 26 अंशांच्या थंड टोकाला ठेवली, म्हणजे ऊब हवी की आडोसा हवा अशी निवड त्याला करावी लागू नये. दोन आठवडे त्याला कोणी हात लावला नाही. त्याने सलग तीन वेळा नीट खाल्ल्यावरच आम्ही त्याला उचलू लागलो, तेही वरून झडप घातल्यासारखे नव्हे, कारण वरून येते ती शिकारी पक्ष्याची सावली. बाजूने आणि खालून, अंगाच्या मध्यभागाला आधार देत, पाच-दहा मिनिटांसाठी. जेवणानंतर दोन दिवस त्याला उचलत नाही, कारण ताणामुळे साप खाल्लेले ओकून टाकतो.

"चावू दे, रोज हाताळ, मुकाट्याने शरण येईल," असा सल्ला मला अनेक अनुभवी पाळणाऱ्यांनी दिला आहे. तो मला पटत नाही. दमून हालचाल थांबवलेला साप आणि निर्धास्त झालेला साप हातात सारखेच भासतात, पण दुसरा जीभ संथपणे लपलपवत हातावरून फिरतो आणि पहिला ताठ पडून असतो. अर्थात तो फुत्कारला की दरवेळी दचकून माघार घेणेही मला बरोबर वाटत नाही. मी हात स्थिर ठेवते, तो सैल होईपर्यंत थांबते आणि मग झाकण लावते.

गावाकडून फोनवर हमखास विचारले जाते, "तो तुला ओळखतो का गं?" माझे प्रामाणिक उत्तर असे, की तो मला सरावला आहे. माया वगैरे त्याच्या ठायी असल्याचे मला दिसलेले नाही आणि मला ती अपेक्षाही नाही. भाच्याने धामण पाळू का म्हणून विचारले, तेव्हा मात्र मी स्पष्ट नाही म्हणाले, कारण 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपल्याकडचे साप घरात ठेवता येत नाहीत. फणा काढलेल्या नागाचे चुंबन घेणाऱ्या काही सर्पमित्रांचे व्हिडिओ तो मला पाठवतो. त्यात मला शौर्य दिसत नाही, सर्व इशारे देऊन झालेला आणि आता एकच उपाय उरलेला प्राणी दिसतो.

गेल्या महिन्यात लाडू अचानक पुन्हा फुत्कारू लागला. कात टाकण्यापूर्वी डोळे निळसर धूसर होतात, तेव्हा सापाला नीट दिसत नाही आणि तो बिचकतो. त्या दिवसांत आम्ही त्याला उचलतच नाही. पण या वेळी कात पडून आठवडा झाला होता. मुलीने टॉर्च लावून पाहिले तेव्हा उजव्या डोळ्यावरचे जुने पारदर्शक आवरण तसेच चिकटून राहिलेले दिसले, म्हणजे त्या बाजूने येणारा आमचा हात त्याला धड दिसतच नव्हता. नखाने किंवा चिमट्याने ते काढू नये, डोळा जायबंदी होतो. पशुवैद्यांच्या सांगण्यावरून आम्ही पेटीतला दमटपणा वाढवला आणि ओल्या शेवाळाचा एक डबा आत ठेवला. पुढची कात डोळ्यांवरच्या आवरणांसकट एकसंध उतरली, आणि फुत्कार थांबले.