मिनी मोटार रुमालावर जन्मली नाही

अभियांत्रिकीच्या प्रवेशांचे दिवस आले की व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. ब्रिटनच्या ‘मिनी’ मोटारीचे जनक ॲलेक इसिगोनिस गणितात तीनदा नापास झाले, अभियंत्याचे रीतसर शिक्षण त्यांना नव्हते, जेवता जेवता एका रुमालावर त्यांनी एकट्याने मोटार रेखाटली आणि त्या मोटारीने कंपनीचे सोने झाले, असा त्याचा सारांश. शेवटी अर्थातच, मुलांना पदवीच्या मागे लावू नका, हा सल्ला. सल्ला कोणी मानावा, कोणी मानू नये. पण ज्या चार विधानांवर तो उभा केला आहे, त्यांपैकी एकच खरे आहे.

खरे आहे ते नापास होण्याचे. 1906 साली स्मिर्ना येथे, म्हणजे आजच्या इझमीरमध्ये जन्मलेले इसिगोनिस 1922 च्या ग्रीक-तुर्की युद्धात परागंदा झाले, त्याच सुमारास वडील वारले आणि आईबरोबर ते इंग्लंडला आले. लंडनच्या बॅटरसी पॉलिटेक्निकमध्ये गणिताने त्यांना तीनदा अडवले.

दुसरे विधान मात्र तिथेच कोसळते, कारण त्याच पॉलिटेक्निकमधून त्यांनी यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली. त्या पिढीतील ब्रिटिश मोटार अभियंत्यांपैकी अनेकांकडे पदवी नव्हती हे मान्य. पण पदवी नसणे म्हणजे शिक्षण नसणे नव्हे. विल्यम हेन्स 1923 मध्ये कोव्हेंट्रीच्या हंबर मोटार कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून लागले आणि 1935 मध्ये, पुढे जॅग्वार झालेल्या कंपनीचे मुख्य अभियंता झाले. रेंज रोव्हर घडवणाऱ्या स्पेन किंग यांची उमेदवारी रोल्स-रॉइसमध्ये झाली. वर्षानुवर्षे यंत्रांवर आणि ड्रॉइंग बोर्डावर हात बसवणारी ही उमेदवारी आजच्या कित्येक पदव्यांपेक्षा कडक होती, असे माझे मत आहे. मजकूर लिहिणाऱ्याने ती सोयीस्करपणे गाळली आहे.

रुमालाच्या गोष्टीला थोडा आधार आहे, कारण इसिगोनिस खरोखरच मुक्तहस्ताने भराभर रेखाटत. पण त्या रेषांमागे पंचवीस-तीस वर्षांची नोकरी होती. हंबरमध्ये काही काळ काढून 1936 मध्ये ते काउलीच्या मॉरिस कारखान्यात सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या रचनेच्या कामावर आले (आपली ॲम्बेसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, ती पुढे इथेच बनत असे). तिथे त्यांनी मॉरिस मायनर घडवली, मध्ये काही वर्षे आल्व्हिस या दुसऱ्या मोटार कंपनीत काढली आणि 1955 च्या अखेरीस ते, मॉरिस आणि ऑस्टिन एकत्र येऊन झालेल्या ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनमध्ये परतले. 1956 च्या सुएझ कालव्याच्या संकटात तेलाची वाट अडली आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग आले, तेव्हा कंपनीप्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी छोटी मोटार मागितली आणि इंजिन मात्र कारखान्यात असलेलेच वापरा, अशी अट घातली. मिनी लोकांसमोर आली ती 26 ऑगस्ट 1959 रोजी.

‘एकट्याने’ हा शब्द तर सरळ अन्याय करणारा आहे. इंजिन आडवे बसवण्याची कल्पना जर्मनीच्या डीकेडब्ल्यू या मोटार कंपनीने 1931 मध्येच वापरली होती. मिनीत नवे होते ते चार सिलिंडरांच्या इंजिनाखाली, तेल साठवणाऱ्या तळाच्या भांड्यातच गिअरबॉक्स बसवून सुमारे दहा फुटांच्या मोटारीत चार माणसांना जागा करून देणे. ती कल्पना कागदावरून लोखंडात उतरवताना जॅक डॅनियल्स यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी बारीक मापांची ड्रॉइंगे काढली. वळणाऱ्या चाकांना हिसका न देता शक्ती पोहोचवणारे सीव्ही जॉइंट आणि डनलॉपचे दहा इंची चाकांचे टायर बाहेरून आले. सस्पेन्शनचे रबरी शंकू ॲलेक्स मोल्टन यांचे. सहाशे किलोंच्या आसपासच्या मोटारीत चार माणसे बसली की भार जवळजवळ निम्म्याने वाढतो. साधी स्प्रिंग मऊ ठेवली तर भरलेली गाडी बुडाला टेकते आणि कडक केली तर रिकामी गाडी आपटत चालते. रबराचा शंकू दाबत गेलो की अधिकाधिक कडक होतो, त्यामुळे दोन्ही टोके सांभाळली जातात. हे साधणारे मोल्टन केंब्रिजमध्ये अभियांत्रिकी शिकलेले होते, हे त्या मजकुराच्या लेखकाला अडचणीचे वाटावे.

सोने झाल्याचे विधान सर्वांत कच्चे. सुरुवातीची किंमत पाचशे पौंडांच्याही आत ठेवली होती. फोर्डने एक मिनी विकत घेऊन तिचे भाग सुटे केले, तेव्हा मिनीच्या कंपनीला प्रत्येक गाडीमागे सुमारे 30 पौंड तोटा होत असावा, असा त्यांचा हिशोब निघाला. पहिल्या गाड्यांत तळाच्या पत्र्यांचा जोड उलट्या बाजूने दिल्यामुळे पावसाचे पाणी आत शिरे, तो दुरुस्तीचा खर्च वेगळाच. मिनीच्या कंपनीच्या 1968 च्या विलीनीकरणातून ब्रिटिश लेलँड निर्माण झाली, इसिगोनिस यांचे अधिकार गेले आणि 1975 मध्ये ती कंपनी वाचवण्यासाठी सरकारला ताब्यात घ्यावी लागली. मिनी लोकप्रिय झाली, पन्नास लाखांहून अधिक विकली गेली, पण खप म्हणजे नफा नव्हे.

प्रतिभेचा पुरावाच हवा असेल, तर तो मिनीत न शोधता 1948 च्या मॉरिस मायनरमध्ये शोधावा. नमुना तयार झाल्यावर गाडी अरुंद दिसते, हे इसिगोनिस यांच्या नजरेला खटकले. त्यांनी ती उभी मधोमध कापायला लावली, दोन भाग सरकवून पाहिले आणि अंतर चार इंच ठरले. गणिताचा त्यात संबंध नव्हता. पण तोवर जुन्या मापाचे बंपर तयार होऊन पडले होते, म्हणून तेही कापावे लागले, आणि सुरुवातीच्या मायनरच्या बंपरवर मधोमध बसवलेली ती चार इंची पट्टी आजही दिसते.