ताप पंधरा दिवस आधी कळवून येतो का?

रात्री साडेदहाला आमच्या पाळणाघराच्या ताईंच्या ग्रुपवर मेसेज, "ताई, उद्या साडेसातला या हं." हं काय हं! महिन्याचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवलंय, ते बहुतेक मुलांच्या चित्रांसारखं शोभेलाच. सकाळी दहा मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापतात. आणि कुणाची आई ट्रॅफिकमध्ये अडकते म्हणून रडणारं बाळ कडेवर घेऊन मी संध्याकाळी पावणेआठपर्यंत थांबते, ते कुठल्या थंब मशीनमध्ये उमटतं?

रजेचा अर्ज म्हणे पंधरा दिवस आधी. अहो, दिवसभर शेंबडी नाकं पुसतो आम्ही! एका पोराला सर्दी झाली की आठवड्यात सगळं पाळणाघर शिंकतं, आम्ही धरून.

२०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी. नोकरदार आईसाठी. चांगलंच आहे, पण मीही नोकरदार आईच ना? माझी पोरगी शेजारच्या काकूंकडे असते. काल तिच्या शाळेत पालकसभा होती. रजा नामंजूर. अर्ज चौदा दिवस आधी दिला होता.