टेप कपाटात ठेवा, मग टेबल करायला घ्या

"दोनदा मोजा, एकदा कापा" हा सल्ला सुतारकामाच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी देतंच. मलाही मिळाला, आणि सुरुवातीला मी तो इमानेइतबारे पाळला. टेप, स्टीलची पट्टी, मिलिमीटरचे शतांशही पडद्यावर दाखवणारा डिजिटल कॅलिपर असा सगळा जामानिमा जमवला. वहीत प्रत्येक तुकड्याचं माप मिलिमीटरमध्ये लिहिलेलं. स्टूल, बुटकं शेल्फ, छोटं टेबल असं करत करत गाडी आता खणांच्या कपाटापर्यंत आलीय, आणि दर वस्तूगणिक माझं एक मत पक्कं होत गेलंय. ते आज लिहून टाकतो: घरी हौसेने फर्निचर करणाऱ्याने जितकं कमी मोजता येईल तितकं कमी मोजावं.

लगेच अंगावर येऊ नका. लाकूड आणताना मोजावंच लागतं. टेबल किती उंच हवं हे त्याच्याशी बसणाऱ्यावर ठरतं. जेवणाचं टेबल साधारण 750 मिलिमीटर आणि खुर्चीची बैठक 450 च्या आसपास, या आकड्यांमागे माणसाचं शरीर आहे, तिथे मनमानी चालत नाही. माझा आक्षेप आहे तो त्यानंतरच्या मोजण्याला. एक तुकडा तयार झालाय, दुसरा त्याच्यात बसवायचाय. अशा वेळी आपण काय करतो? पहिल्याला टेप लावतो, आकडा पुटपुटत दुसऱ्या तुकड्याकडे जातो, तिथे पुन्हा टेप लावतो आणि खूण करतो. या एवढ्याशा फेरीत कुठे ना कुठे अर्धा मिलिमीटर सांडतोच.

टेपच्या टोकाचा हूक बघा. तो किंचित पुढेमागे हलतो, आणि नवशिक्याला वाटतं सैल झालाय. तो मुद्दाम तसा ठेवलेला असतो. फळीच्या कडेला अडकवला तर हुकाची जाडी मापाबाहेर राहते, आतल्या भिंतीला टेकवला तर मापात येते. तेवढी जाडी भरून निघावी म्हणून हूक बरोबर तेवढाच सरकतो. डोकं लावलेलं आहे. पण टेप चारदा जमिनीवर आपटली, हूक जरासा वाकला, की सगळं गणित फिसकटतं आणि आपल्याला कळतही नाही. त्यात पेन्सिलीच्या रेघेला स्वतःची जाडी. त्यात करवत आपल्या वाटेतलं लाकूड खाणार: हातकरवत मिलिमीटरभर, टेबल सॉचं, म्हणजे टेबलात बसवलेल्या यंत्रकरवतीचं, पातं तीनेक मिलिमीटर. रेघेच्या अलीकडे कापायचं की पलीकडे, हा प्रश्न दर वेळी नव्याने पडतो.

याऐवजी तयार तुकडा दुसऱ्यावर ठेवा, घट्ट धरा, आणि त्याच्या कडेला लावून सुरीने रेघ मारा. पेन्सिलीने नाही, सुरीने. सुरी वरचे तंतू कापते, त्यामुळे करवत लागताना कडेच्या कपच्या उडत नाहीत. आणि खरी गंमत पुढे आहे. पटाशी (लाकूड छिलायचं सपाट धारेचं हत्यार) त्या रेघेत टेकवली की तिची धार चिरेत आपोआप जाऊन बसते, बोटांना टक असं जाणवतं. डोळ्यांनी रेघ दिसली नाही तरी चालतं. आता पटाशीला जागा शोधावी लागत नाही, ती फक्त सरळ उभी धरायची. (पटाशीला धार हवी हे वेगळं सांगत नाही. तो स्वतंत्र पोस्टचा विषय आहे आणि त्यावर लोक हमरीतुमरीवर येतात.)

स्टूलाने मला या बाबतीत फार शिकवलं. चारही पाय एकत्र क्लॅम्प करून एकदमच कापलेले, त्यामुळे लांबीत फरक असायचं कारणच नव्हतं. तरी डिंक सुकल्यावर स्टूल डगमगायला लागलं. पायांचा दोष नाही, पीळ आहे तो. पायांच्या दोन जोड्या एकमेकींच्या तुलनेत एका अंशाने जरी फिरल्या आणि पायांमध्ये 300 मिलिमीटर अंतर असलं, तरी एक पाय पाच मिलिमीटर हवेत राहतो. एक अंश डोळ्यांना दिसत नाही. कुसू (तुकड्याच्या टोकाला काढलेली जीभ) खाचेत केसभर तिरकं बसलं तरी तेवढं होतं. तीन पायांच्या स्टूलाला ही कटकट नसते, कारण तीन टेकू कुठेही ठेवा, एका पातळीत येतातच. चार पायांना मात्र उपाय करावा लागतो, आणि उपाय करताना टेप हातात घेतली की संपलं. हा पाय थोडा कापा, मग तो थोडा कापा, असं करत माणूस स्टूलाचा पाट करून ठेवतो.

खरी पद्धत सोपी आहे. नक्की सपाट असलेली जागा शोधायची, म्हणजे जाड प्लायवूड किंवा टेबल सॉचा माथा. त्यावर स्टूल ठेवून पायांखाली बारीक पाचरी सरकवायच्या, बैठक सगळीकडून समपातळीत येईपर्यंत. मग लाकडाच्या एका छोट्या ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून तो ठोकळा चारही पायांभोवती फिरवायचा. प्रत्येक पायावर, त्याच्या चारी अंगांनी, जमिनीला समांतर रेघ उमटते. त्या रेघेवर कापलं की काम झालं. पाय तिरके असले तरी तळवे जमिनीला सपाट टेकतात. कुठला पाय किती कापला हे मला आजही सांगता येणार नाही, आणि ते जाणून घ्यायची गरजही कधी पडली नाही.

आता लाकडाच्या स्वभावाकडे येतो, कारण माझ्या मताचा खरा आधार तिथे आहे. लाकूड जिवंत असतं वगैरे जे म्हणतात ते सोडा, झाड केव्हाच मेलंय. पण हवेतली वाफ घेणं आणि सोडणं हे फर्निचर झाल्यावरही थांबत नाही. खोलीच्या तापमानाला हवेची सापेक्ष आर्द्रता 30 टक्के असली तर लाकडातला ओलावा 6 टक्क्यांच्या आसपास स्थिरावतो, 65 टक्के असली तर 12 च्या, आणि 80 ला 16 च्या. ओलावा वाढला की लाकूड फुगतं, पण सगळीकडून सारखं नाही. लांबीत जवळपास काहीच फरक पडत नाही. सगळा खेळ रुंदीत. त्यातही वाढीच्या कड्यांना धरून जास्त, आणि गाभ्याकडून सालीकडे साधारण त्याच्या निम्मा. 600 मिलिमीटर रुंदीचा टेबलाचा माथा घ्या, सपाट चिरलेल्या, म्हणजे वाढीची कडी साधारण रुंदीच्या दिशेने आलेल्या, फळ्या जोडून केलेला. ओलावा 4 टक्क्यांनी वाढला तर सागाचा माथा साडेचार मिलिमीटरच्या आसपास रुंद होईल. तोच रेड ओकचा असला तर जवळजवळ 9. मग कॅलिपरच्या पडद्यावरचे ते शतांश मिलिमीटर कुणासाठी होते?

म्हणूनच भरीव लाकडाचा माथा खालच्या चौकटीला चारी बाजूंनी स्क्रू मारून जखडायचा नसतो. जखडलात तर एक दिवस माथा तरी फाटतो, नाहीतर सांधे तरी उकलतात. मी लाकडी बटणं वापरतो. हे छोटे ठोकळे असतात, एका टोकाला जीभ काढलेली. जीभ चौकटीच्या आडपट्टीच्या आतल्या खाचेत जाते आणि ठोकळा माथ्याला स्क्रूने धरलेला असतो. टेबलाच्या दोन टोकांच्या आडपट्ट्यांत बटण खाचेतून आडवं सरकू शकतं, तिथे चिंता नाही. लांबीच्या बाजूंना मात्र हंगाम बघायचा. कोरड्या दिवसांत जोडणी करत असाल तर बटण आणि पट्टी यांच्यात फट ठेवा, कारण माथा फुगून बाहेर सरकणार. दमट दिवसांत करत असाल तर जीभ खाचेत खोलवर जाऊ द्या, कारण तो आक्रसणार. फट किती हे मी पट्टीने बघत नाही. हवा बघतो आणि लाकूड कुठलं ते बघतो.

चौकट काटकोनात आहे की नाही हे तपासायलाही आकडे लागत नाहीत. समोरासमोरच्या बाजू सारख्या असतील तर दोन्ही कर्ण सारखे आले की काटकोन. दोन बारीक पट्ट्या घ्यायच्या, त्यांची एकेक टोकं टोकदार तासायची, एकमेकींवर धरून एका कर्णात ताणायच्या आणि दोन्हींवर मिळून एक आडवी खूण करायची. मग तशाच दुसऱ्या कर्णात. खूण जुळली तर उत्तम, नाही तर जो कर्ण लांब आहे त्या दिशेला क्लॅम्प किंचित तिरका करून आवळायचा. पीव्हीए, म्हणजे नेहमीचा पांढरा सुतारी डिंक, लावल्यावर हातात पाच-दहा मिनिटं असतात. त्यात चष्मा शोधून टेपवरचे आकडे कोण वाचणार?

यावर हमखास येणारा प्रतिवाद असा की चांगलं यंत्र घ्या, सगळं मापात येईल. यंत्रांशी माझं वैर नाही. टेबल सॉला थांबा म्हणून ठोकळा लावून एकसारखे पाय कापणं म्हणजेसुद्धा न मोजणंच. पण यंत्राच्या पट्टीवर विसंबून सुटे तुकडे आधी कापून ठेवायचे आणि शेवटी एकत्र जुळवायचे, हे कारखान्यात चालतं, कारण तिथे शंभर वस्तू एकसारख्या हव्या असतात. आपल्याला एकच हवी असते. शिवाय यंत्राचा बारीक भुसा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाचा भुसा पहिल्या गटात टाकलाय, म्हणजे माणसाला कर्करोग करतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. मास्क लावा. आणि जवसाच्या तेलाचे बोळे चुरगाळून टाकू नका, ते आपोआप पेट घेतात. विषयाशी संबंध नाही, पण जिथे संधी मिळेल तिथे हे सांगतो.

टेप नसताना काय जमतं त्याचं एक उदाहरण मला फार आवडतं. जर्मनीत लाइपझिगजवळ उत्खननात अश्मयुगीन विहिरी मिळाल्या, सात हजार वर्षांपूर्वीच्या. आतला भाग ओकच्या लाकडाने बांधून काढलेला, कोपऱ्यात कुसू खाचेतून आरपार काढून पाचर मारलेली. धातूची हत्यारं नाहीत, दगडी तासणीचं काम. त्या माणसांकडे मिलिमीटर नव्हता. कुसू खाचेला लावून बघितलं असेल, बसत नाही म्हटल्यावर थोडं तासलं असेल, पुन्हा लावलं असेल. दुसरं काय करणार?

खण करताना मीही नेमकं तेच करतो. पुढची पट्टी कपाटाच्या पोकळीतच धरून बघायची आणि जेमतेम आत शिरेल इतकी घट्ट ठेवायची. मागच्या पट्टीची लांबी पुढचीवर ठेवून उतरवायची. कोपऱ्यांना डव्हटेल, म्हणजे टोकाकडे रुंद होणाऱ्या शेपट्या दुसऱ्या फळीच्या खाचांत अडकवणारा सांधा. मऊ लाकडात सहास एक आणि कठीण लाकडात आठास एक असा उतार सांगतात, मी अंदाजाने एक लाकडी नमुना करून ठेवलाय, तोच सगळीकडे वापरतो. एका फळीवर शेपट्या कापल्या की ती फळी दुसरीच्या टोकावर ठेवायची आणि सुरीने त्यांचा आकार उतरवायचा. शेपट्या एकमेकींसारख्या नसल्या तरी बिघडत नाही, समोरचे खाचे त्यांच्याच मापाचे होणार.

सगळ्यात सुंदर भाग असतो खण बसवण्याचा. सुरुवातीला तो मुद्दाम किंचित मोठा ठेवायचा. आत ढकलायचा, अडला की बाहेर काढायचा आणि खिडकीजवळ नेऊन तिरक्या उजेडात त्याच्या बाजू बघायच्या. जिथे घासला तिथे लाकूड गुळगुळीत होऊन चकाकतं. नेमक्या त्या चकाकीवरून रंध्याची एकच साल काढायची, कागदाहून पातळ, जिच्यातून पलीकडचं दिसतं अशी. पुन्हा आत. आता दुसरीकडे चकाकी येते. असं करत करत एका क्षणी खण अडत नाही, हवेवर आत जातो, आणि खालचा खण आपणहून बोटभर बाहेर येतो, कारण आतल्या हवेला निघायला दुसरी वाट राहिलेली नसते. उंचीला मात्र थोडी जागा सोडावी लागते. खणाच्या बाजू उंचीत फुगतात, म्हणून कोरड्या दिवसांत जरा जास्तच.

जिथे लोखंड येतं तिथे माझं सगळं तत्त्वज्ञान गुंडाळून ठेवावं लागतं. बॉल बेअरिंगच्या सरकपट्ट्या लावायच्या तर दोन्ही बाजूंना 12.7 मिलिमीटर जागा लागते, तिथे कॅलिपर बाहेर काढायचा आणि निमूट मोजायचं. पट्टी तुमच्या लाकडाशी तडजोड करत नाही. म्हणूनच या कपाटात मी त्या घातलेल्या नाहीत, लाकडावर लाकूड सरकतं. पोकळ्या एकमेकींपासून थोड्याथोड्या वेगळ्या निघाल्यात, त्यामुळे प्रत्येक खण फक्त आपल्याच जागी जातो. मागच्या बाजूला पेन्सिलीने 1, 2, 3 घालून ठेवलेत आणि घरच्यांना सांगून ठेवलंय, साफसफाई करताना अदलाबदल करू नका.