इकडील सर्व क्षेम, गाय व्यायली

आयर्लंडच्या पश्चिम टोकाला, मेयो कौंटीतल्या शेतकरी घरात सून म्हणून नांदायचं तर एक काम हमखास गळ्यात पडतं. ऑस्ट्रेलियात पर्थला गेलेल्या धाकट्या दिराला दर रविवारी आठवड्याची खबर कळवायची. घरातल्या बाकीच्यांची बोटं ग्रीसनं तरी माखलेली असतात, नाही तर ‘तू छान लिहितेस’ म्हणून पाठ थोपटण्यात गुंतलेली असतात. वाटतं, चार ओळी टाइप केल्या की सुटलो. पण या खबरीचा क्रम ठरलेला आहे. आधी हवा, मग मयत, मग गुरं, मग चारा, मग फुटबॉल, मग शेजाऱ्याचं नवं घर आणि जागा उरलीच तर घरातली माणसं. क्रम चुकला की पर्थहून ताबडतोब फोन येतो, ‘काय लपवताय?’

हवेबद्दल ‘पाऊस पडला’ लिहिणं म्हणजे डेटा वाया घालवणं. मेयोत तो पडतोच. दिराला हवं असतं ते वेगळंच: जमीन ट्रॅक्टर पेलते का, गुरं अजून गोठ्यातच आहेत की बाहेर सोडली? ऑक्टोबर-नोव्हेंबरात आत घेतलेली गुरं मार्च-एप्रिलमध्ये बाहेर निघतात. ओल्या रानात आठवडाभर आधी सोडली तर खुरांनी गवताचा चिखल होतो आणि मग पुढचा महिना ती चिखलाकडे बघत रवंथ करतात. म्हणून ‘वरच्या शेतात सोडली, खालच्यात अजून नाही’ एवढं लिहिलं की त्याला पावसाचे सगळे मिलिमीटर कळतात. संकटाची भाषाही मोजूनमापून. २४ जानेवारी २०२५ला एओविन वादळ आलं. शेजारच्या गॉलवे कौंटीत मेस हेडला ताशी १८० किलोमीटरहून जास्त वेगाचा झोत नोंदला गेला आणि १९४५चा विक्रम मोडला. देशभरात साडेसात लाखांहून जास्त जोडण्यांची वीज गेली. खेड्यात वीज गेली की विहिरीचा पंप बंद, पंप बंद की गुरांचं पाणी बंद, मग ट्रॅक्टरला जनरेटर जोडून ते चालू करायचं. असल्या प्रलयाचं इकडच्या शैलीतलं वृत्त असं: ‘शुक्रवारी जरा वारा होता.’

मयताचा परिच्छेद सर्वात अवघड, कारण बातमी शिळी असते. मृत्यूच्या सूचना छापणारं आरआयपी डॉट आयई हे संकेतस्थळ २००५पासून चालू आहे. परदेशी गेलेला आयरिश माणूस ते दात घासायच्या आधी उघडतो. स्थानिक रेडिओही दिवसातून अनेकदा नावं वाचतो. आपल्याकडे कोपरा फाडलेलं पोस्टकार्ड आलं की काळजात धस्स व्हायचं. इथे ते काम संकेतस्थळ करून मोकळं होतं, आणि आपल्याकडून मागणी असते ती पुरवणीची. आधी ओळख पटवायची. नुसत्या नावाचा उपयोग नाही, एका आडनावाची निम्मी गल्ली असते. ‘पुलाजवळचा, लाल ट्रॅक्टरवाला, ज्याची बहीण क्लेअरमॉरिसला दिली’ अशी वंशावळ लागते. मग घरी दर्शनाला रांग कुठपर्यंत होती, गाड्या कुणाच्या शेतात लावल्या, सँडविच पुरले का. अंत्यविधी साधारण दोन-तीन दिवसांत उरकतो आणि बऱ्याच चर्चमध्ये आता कॅमेरा असतो. हिवाळ्यात पर्थ आठ तास पुढे, म्हणजे सकाळी अकराची प्रार्थना तिकडे संध्याकाळी सातला, जेवणाच्या ताटासमोर. परिणामी, मी शोकाची दोन वाक्यं जुळवत असतानाच तिकडून प्रश्न येतो: ‘मामा तिसऱ्या बाकावर का बसला होता? भांडण मिटलं नाही वाटतं?’

हेच घड्याळ गाई विण्याच्या हंगामात मात्र सोन्याचं ठरतं. गोठ्यात कॅमेरा असतो, चित्र मोबाइलवर दिसतं, आणि मोबाइल पर्थमध्येही चालतो. फेब्रुवारीत मेयोत रात्रीचे दोन वाजलेले असतात तेव्हा दीर सकाळी दहाचा चहा घेत असतो. चहाबरोबर तो गोठा बघतो. शेपूट वर धरलेली, बाकीच्यांपासून बाजूला गेलेली, सारखी उठबस करणारी गाय दिसली की तो फोन करून थोरल्या भावाला गादीतून उठवतो. रात्रपाळीचा राखणदार सुमारे पंधरा हजार किलोमीटरवर, आणि पगार शून्य. पाणमोट दिसल्यावर साधारण दोन तासांत दोन पुढचे पाय आणि त्यावर टेकलेलं नाक यायला हवं. एकच पाय आला तर दुसरा आत दुमडलाय, आणि खुराचे तळवे वर बघत असले तर वासरू मागून येतंय अशी शंका धरायची आणि ओढायचा जॅक लावायच्या आधी पशुवैद्याला फोन करायचा. वासरू पडलं की नाळेला आयोडीन आणि दोन तासांच्या आत पोटात चीक. (संध्याकाळी उशिरा चारा घातला तर बऱ्याच गाई दिवसा वितात. हे सगळ्यांना माहीत आहे आणि संध्याकाळी उशिरा चारा घालायला कुणालाच जायचं नसतं.) आता यात मी कळवायचं काय? ‘गाय व्यायली’ लिहावं तर उत्तर येतं, ‘बघितलं. उजव्या कोपऱ्यात पेंढा कमी आहे.’

क्षयाच्या तपासणीच्या आठवड्यात तर लिहायचंच नाही. गुरं एकेक करून लोखंडी खोड्यात घेतात, पशुवैद्य मानेवर दोन जागी केस कापतो, कातडीची जाडी मोजतो आणि दोन टोचण्या देतो: वरची पक्ष्यांच्या क्षयाची, खालची गुरांच्या. बहात्तर तासांनी पुन्हा मापं. खालची सूज वरचीपेक्षा चार मिलिमीटरहून जास्त भरली की ते जनावर गेलं, आणि कळपाला कुलूप. मग साठ-साठ दिवसांच्या अंतरानं दोन तपासण्या स्वच्छ निघेपर्यंत बाजारात विक्री बंद. त्या तीन दिवसांत घरात कुणी गाईच्या मानेकडे बघत नाही आणि सगळे गाईच्या मानेकडेच बघत असतात. मंगळवारी टोचलं, शुक्रवारी वाचलं, रविवारी लिहायचं: ‘क्लिअर.’ एवढंच. विशेषणं घातली तर दृष्ट लागते, असं सासूबाई म्हणतात. या बाबतीत मेयो आणि मिरज एकच.

मुरघासाची खबर मे अखेरीपासून चालू होते आणि तिची सुरुवात नेहमी कंत्राटदारापासून. तो ‘मंगळवारी येतो’ म्हणतो. कुठल्या मंगळवारी, ते विचारायची पद्धत नाही. गवत कापून दिवसभर सुकू द्यायचं, मग गोल गठ्ठे करून प्लास्टिकचे चार थर, खोडं जाड असतील तर सहा. गुंडाळलेला गठ्ठा सपाट बाजूवर उभा करायचा, कारण तिथे प्लास्टिक जास्त जाड बसतं. एवढं करून कावळा येतो आणि एक भोक पाडतो. भोकातून हवा, हवेतून बुरशी, की गठ्ठ्याचा बराच भाग फेकायचा. वर जाळी टाकतात, काही जण गठ्ठ्यांवर पांढऱ्या रंगानं डोळे काढतात. कावळे त्या डोळ्यांत डोळे घालून बसतात. दिराला आकडा हवा असतो, किती गठ्ठे? गाईमागे महिन्याला दीड-दोन धरून तो पर्थमध्ये बसून भागाकार करतो आणि फेब्रुवारीत चारा संपणार असं जूनमध्येच जाहीर करतो.

फुटबॉलला, म्हणजे इकडच्या गेलिक फुटबॉलला, मी दोन ओळी देते. मेयोनं अखिल आयर्लंड करंडक शेवटचा जिंकला १९५१ साली. १९८९ ते २०२१ या काळात अकरा वेळा अंतिम फेरी गाठली आणि अकराही वेळा हरले. ‘यंदा संघ बरा दिसतोय’ हे वाक्य मी साठवूनच ठेवलंय, दरवर्षी तारीख तेवढी बदलते.

शेजाऱ्याच्या घराला मात्र जागा लागते. बांधकामाच्या परवानगीसाठी अर्ज करताना जागेवर फलक लावावा लागतो आणि अर्ज पोहोचल्यापासून पाच आठवडे कुणालाही वीस युरो भरून हरकत घेता येते. फलकाजवळ गावातली प्रत्येक गाडी हळू होते. हरकतीवर नाव-पत्ता लिहावा लागतो आणि ती कागदपत्रं कुणालाही बघता येतात, म्हणून हरकत घेणारा आधी सगळ्यांना सांगत सुटतो की ती आपण घेतलेली नाही.

उरली घरची माणसं. सासऱ्यांना स्टेंट बसला तरी तो ट्रॅक्टरच्या क्लचनंतर येतो: ‘क्लच बदलला, महाग पडला. बाबांचंही एक छोटं काम करून घेतलं.’ याहून नाजूक एकच विषय आहे, तो म्हणजे जमीन कुणाच्या नावावर होणार. २०२०च्या कृषिगणनेत देशातले सुमारे एक तृतीयांश शेतमालक पासष्टीच्या पुढचे निघाले, तेव्हा हा प्रश्न बऱ्याच घरांत स्वयंपाकघराच्या टेबलाखाली कुत्र्याशेजारी पडून असणार. त्यात ‘बाबा वकिलाकडे गेले होते’ असं लिहिलं तर दीर त्याच रात्री मेयोतल्या नॉक विमानतळापर्यंतचं तिकीट शोधायला बसेल. म्हणून लिहायचं, ‘बाबा गुरुवारी कॅसलबारला जाऊन आले, गाडी लावायला जागा मिळाली नाही,’ आणि लगेच खाली वासराचा फोटो टाकायचा. दोन टाकले तर त्याला संशय येतो.